सुजाताच्या बदलीचा फॉर्म

१८ मार्च २००७
सु.चा फोन. चौथं वर्ष हे. बायको मालवणकडं झेडपीच्या शाळेत बाई, पोरगी तिच्याजवळ, अन् मी इथं कोल्हापूरकडं कारखान्यात पॅनवर साखर शिजवत. जिल्हा बदलीचे फॉर्म निघालेत म्हणाली, ३० एप्रिल शेवटची तारीख. 'मग भर की लगेच!' म्हटलं. नुसतं 'हं' म्हणाली. रेंज नसावी.

२९ मार्च
ऊस संपता संपंना. पट्टा पडून गाळप थांबेपर्यंत रजेचं नाव काढायचं न्हाय. तरी साहेबापुढं तोंड वेंगाडलं. दोन दिवस मिळाले, तेबी पाळी बदलून. सात वर्षांची पोर, अन् बापानं ती बघायची सीझन बघून!

७ एप्रिल, मालवण
एसटीनं अंग खिळखिळं. गौतमी पळत आली. निघताना माझ्या आईनं दिलेला गुळाचा खडा पुढं केला, तर म्हणाली, 'माका नको.' सु. हसली. मीपण हसलो, अन् खडा खिशात टाकला. पोरगी इथली झाली की.
संध्याकाळी तिघं मागच्या डोंगरावर. सु. पुढं, मी धापा टाकत मागं. वरून सागरी अभयारण्याचं पाणी दिसतं. कुठला खडक, कुठं जाळं टाकायला बंदी, हिला सगळं ठाऊक. कोल्हापुरात असताना रंकाळ्याला फेरी मारायची तर पाय दुखायचे हिचे. उतरून वाळूत बसलो. मासेवाल्या बायका 'बाई, बाई' करत थांबून बोलून गेल्या.
किती दिवसांनी हिच्या शेजारी बसलोय…

८ एप्रिल
सकाळी खाडीत कयाक. निमुळती प्लॅस्टिकची होडी, दोघांपुरती. गौतमी काठावर. मी विहिरीत पोहायला शिकलेला गडी, जाकीट कशाला म्हटलं. होडीवाला ऐकंना. मी जोर लावला की होडी जाग्यावरच गोल फिरायची. सु. मागून, 'अहो, कुस्ती नाही ही. दमानं मारा.'
मधोमध गेल्यावर म्हणाली, 'मी अजून फॉर्म भरला नाही. भरावासा वाटत नाही.'
च्यायला, मधोमध! उठून जायची सोय नाही, मागं वळून तोंड बघावं तर होडी कलते.
'का?'
'मला इथं बरं वाटतं. पट्टा पडला की सहा महिने मोकळेच असता. आईंना घेऊन इकडंच या की.'
मी वल्हं जोरात हाणलं, होडी परत गोल फिरली. मग म्हणाली, 'तुम्ही भर म्हणालात तर भरीन. पण ते तुम्ही तोंडानं म्हणायचं.'
काठ येईस्तोवर मी दमानं वल्हं मारत राहिलो.

१० एप्रिल
आईला सांगितलं. 'मासं खाऊन मरू व्हय मी तिथं?' भाकरी थापत राहिली. थोड्या वेळानं, 'पोरगी उंच झाली का रं?'

१४ एप्रिल
जयंतीची मिरवणूक. कॉलनीतली सगळी जोडीनं. पांढऱ्या साडीतली पाठमोरी बाई दिसली की सु.च वाटायची. राग आलता, तो कुठं गेला कुणास ठाऊक. सवय झाली, सवय झाली म्हणत होतो चार वर्षं. सगळं झूट. लई आठवण येतीय.

२२ एप्रिल
तीनदा फोन. तिन्ही वेळा पाऊसपाणी अन् पोरीचा अभ्यास. 'भर' म्हटलं की ती येणार. येईल, नांदेल, एका शब्दानं बोलून दाखवणार नाही. तेच अवघड आहे. आणि नाही म्हटलं तर माझं काय…

२९ एप्रिल
उद्या शेवटची तारीख. गाळप चालूच. ड्यूटीवरून आलो तर आई म्हणाली, 'लाव की फोन. किती घोळवतोस?'
लावला.
'बोला,' सु. म्हणाली. दारात उभी असावी, मागं समुद्र गाजत होता. 'काय ठरवलंत?'
'थांब जरा,' म्हटलं. 'समुद्र ऐकू दे.'
ती थांबली.