बुद्धघोषची कॅसेट

मुंबई, १९९६

सौ. रंगुबाईस जयभीम. पिंकीकडून वाचून घे.

माझा खोकला कमी आहे. शेळी व्याली का?

आपल्या बुद्धघोषनं नोकरी सोडून काढलेली कॅसेट ऐकली. नुसती खडखड! टेप गुंतली समजून मी कॅसेट काढली आणि पेन्सिल घालून फिरवू लागलो. पोराचं तोंड उतरलं. "आबा, गाणंच तसं हाय."

शाळेत गुरुजी कविता तीनदा म्हणवून घेत, मगच अर्थ विचारत. तशी मीही तीनदा लावायला सांगितली. तिसऱ्यांदा त्या खडखडीत आपल्या लासुर्ण्याच्या विहिरीवरचं इंजिन ओळखू आलं, आणि त्यावर तुझी जात्यावरची ओवी, त्यानं सुट्टीत भरून नेलेली. "आरं, हे तर आपलं इंजिन!" म्हणालो, तेव्हा कुठं पोरगं हसलं.

तुलाही कॅसेट पाठवतोय. तीनदा ऐकल्याशिवाय त्याला काही कळवू नकोस.

तुझ्या पोराचे आबा