अठरा पटीची दुर्बीण

ब्राउनश्वाइग, ८ जून २०२५

ती. शुभाताईस,
मोहनचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मधेच हसतेस आणि मला बोलायचं ते राहून जातं, म्हणून पत्र. बातमी अशी की मी याक्टशाइनची, म्हणजे शिकारीच्या परवान्याची परीक्षा पास झालो. आठ महिन्यांचे शनिवार-रविवार त्यात गेले. स्वरालीने शनिवारची खरेदी नवऱ्याशिवाय करायची सवय करून घेतली. उर्जा मात्र ‘दू श्पिन्स्ट, पापा’ म्हणाली. तिच्या मते मला वेड लागलंय.

आमचे विभागप्रमुख वीगांड यांच्या मावशी, फ्राऊ ल्यूडर्स, यांनी गावाबाहेरचं शिकारीचं रान भाड्याने घेतलंय. सप्टेंबरात हरणाच्या माद्या मारायची मुभा सुरू होते, तेव्हा वीगांड मला तिथे नेणार आहेत. अकरा वर्षं मी या कंपनीत आहे ताई, पण या माणसाने मला कँटीनपलीकडे कधी कुठे बोलावलं नव्हतं.

तू बावीस वर्षं दुर्बिणींची भिंगं तपासलीस. बंदुकीवर कुठली दुर्बीण लावू? वीगांड म्हणतात, पाच ते पंचवीस पटीची घे आणि बंदूक मॅग्नम, म्हणजे जास्त ताकदीच्या काडतुसाची. तुझं मत कळव. हसून झाल्यावर कळवलंस तरी चालेल.

तुझा,
मोहन


ड्रेस्डेन, १५ जून २०२५

चि. मोहनास,
अनेक उत्तम आशीर्वाद. ते अकलेसाठी आहेत, नेमबाजीसाठी नव्हेत.

अभिनंदन. पाल दिसली की पलंगावर चढून मला हाका मारणारा माझा भाऊ आता जर्मनीची अरण्यं मोकळी करणार. साहेबाने कँटीनपलीकडे बोलवावं म्हणून लोक केक घेऊन जातात रे. हरीण मारायला निघालेला तू पहिलाच.

आता विचारलंसच तर ऐक. इथलं हरीण शेळीहून लहान आणि तुझ्या मचाणापासून फार तर शंभर मीटरवर. त्याला पंचवीस पटीने बघून त्याच्या पापण्या मोजायच्यात का? समोरच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भाग. तेवढ्या मिलिमीटरचा उजेड डोळ्यात येतो. छप्पन्न मिलिमीटरचं भिंग भागिले आठ, सात. संध्याकाळी तो पुरतो. छप्पन्न भागिले पंचवीस तू कर, इंजिनिअर आहेस असं ऐकते.

दुसरी गोष्ट नीट वाच. पट वाढली की दिसणारा गोल आक्रसतो. आठ पटीला शंभर मीटरवर चार-साडेचार मीटरची रुंदी दिसते, अठराला जेमतेम दोन. हरणाशेजारी काय आहे ते कळणारच नाही. पट कमी करता येते म्हणशील. येते, पण घाईत तू विसरशील. तेव्हा साधी, स्थिर आठ पटीची घे.

बंदुकीचं मी लॅबमधल्या नॉयमानना विचारलं. चाळीस वर्षं शिकार केलेला माणूस आहे. ते म्हणाले, तीनशे आठ कॅलिबरची साधी बोल्टवाली पुरे. डोळे मिटून ती खांद्याला लावायची आणि डोळे उघडायचे. दुर्बिणीत पूर्ण गोल दिसला तर ती आपल्या अंगाची. मॅग्नम खांद्याला असा दणका देते की पुढच्या वेळी चाप ओढतानाच माणूस डोळे मिटतो. तू तर इंजेक्शनलाही मिटतोस.

स्वरालीला सांग, तिची दया येते.

तुझी,
शुभाताई


ब्राउनश्वाइग, २७ जुलै २०२५

ती. शुभाताईस, शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस. मॅग्नमच घेतली, आणि दुर्बीणही पाच ते पंचवीसची. दुकानात वीगांड बरोबर होते. त्यांच्यासमोर आठ पटीची मागायची म्हणजे फेरारीच्या शोरूममध्ये सायकल विचारल्यासारखं वाटलं. दुकानदारही ‘गेनाऊ, गेनाऊ’ म्हणत त्यांनाच दुजोरा देत होता. वीगांडनी माझ्या पाठीवर थाप मारली. ताई, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

चांदमारीवर शंभर मीटरवरून पाच गोळ्या मारल्या. पाचही भोकं तळहाताखाली झाकली जातात. तेव्हा तुझ्या विद्यार्थ्याला जरा शाबासकी दे.

तुझा,
मोहन


ड्रेस्डेन, २ ऑगस्ट २०२५

चि. मोहनास, आशीर्वाद.

शाबास. कागद मारलास. कागद हलत नाही, घाबरत नाही आणि त्याच्या मागून कोणी चालत येत नाही.

सल्ला माझ्याकडून घ्यायचा आणि खरेदी दुसऱ्याच्या थापेवर करायची, तर पुढल्या वेळी मला पत्र न लिहिता पाठच पुढे करत जा.

तुझी,
शुभाताई


ब्राउनश्वाइग, ७ सप्टेंबर २०२५

ती. शुभाताईस, शि. सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी मचाणावर गेलो. वीगांड शेजारच्या कुरणाच्या मचाणावर होते. दुपारी दूरचं झाड नीट दिसावं म्हणून मी दुर्बीण अठरावर नेली होती. ती तशीच राहिली. सूर्य कलल्यावर नव्वद मीटरवर, उंच गवताच्या कडेला एक मादी आली. गोलात तीच मावत होती. मान, खांदा, सगळं इतकं स्वच्छ की हात लावावा. तू या दुर्बिणीला नावं ठेवली होतीस त्यावर मनात हसलोसुद्धा. पट पंचवीस करावी का याचाही विचार केला. मग चाप ओढला. जागीच पडली.

मी डोळा काढला आणि गवतातून पिल्लू बाहेर आलं. आईपासून तीन मीटरवर असेल. ते तिथे उभं राहिलं, मग पळालं.

सप्टेंबरात पिल्लं आईवरच अवलंबून असतात. आधी पिल्लू मारायचं, मगच आई, नाहीतर दोघांना सोडायचं. तसं न करणं गुन्हा आहे. परीक्षेत हा प्रश्न मला आला होता आणि मी तो बरोबर सोडवला होता.

वीगांड आले, बघितलं, आणि म्हणाले की असं होतं, फार मनाला लावून घेऊ नकोस. शिकारीच्या यादीत ‘तरुण मादी, पिल्लू नसलेली’ असं लिही आणि खाली सही कर, मावशींना काही सांगायची गरज नाही, बघणारे आपण दोघंच. परवाना राहील, सोमवारी ऑफिसात मान वर राहील. उद्या सोमवार. यादी माझ्या टेबलावर आहे. खरं लिहिलं तर परवाना जाईल, आणि वीगांड पुन्हा तोंड बघणार नाहीत. दुर्बीण तेवढी कमी पटीवर असती तर! स्वरालीला अजून सांगितलेलं नाही. सही करू का, ताई?

मोहन


ड्रेस्डेन, ९ सप्टेंबर २०२५

मोहन,

आज आशीर्वाद राहू देत.

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात दुर्बीण आहे, वीगांड आहेत, तुझा परवाना आहे, सोमवार आहे. पिल्लाच्या वाट्याला तीन वाक्यं आली आहेत, आणि तिसऱ्यात तू त्याला पळवून मोकळा झालास.

दुर्बिणीला दोष देऊ नकोस. भिंगाने तुला जे होतं तेच दाखवलं. माझं सगळं आयुष्य भिंगं तपासण्यात गेलं, एकही भिंग खोटं बोलताना पकडलं नाही. साहेबाची थाप हवी म्हणून तू अठरा पटीने पाहिलंस, आणि आता त्याच थापेसाठी खोटं लिहायचा विचार करतोयस. सही करू का म्हणून मला विचारतोस, म्हणजे अर्धी सही माझी होईल असा हिशेब दिसतो. ती मिळणार नाही.

ते पिल्लू आत्ता कुठे आहे? नॉयमानना फोन केला. ते म्हणाले, एवढंसं पिल्लू आईवाचून निभत नाही. खंगत जातं, आठवड्या-दोन आठवड्यांत नाहीतर पहिल्या थंडीत. हे वीगांडना माहीत आहे आणि तुलाही. पण रान ज्या बाईंनी घेतलंय त्यांनाच सांगायचं नाही असं ठरवलंत, तेव्हा त्याला शोधायला कोण जाणार?

ऊठ, आणि त्या बाईंकडे जा. मग मला लिही. आधी नको.

शुभा


ब्राउनश्वाइग, २१ सप्टेंबर २०२५

ती. शुभाताईस, शि. सा. न. वि. वि.

सही केली नव्हती. तुझं पत्र गुरुवारी मिळालं, त्याच संध्याकाळी स्वरालीला सगळं सांगितलं आणि तिच्यासोबत फ्राऊ ल्यूडर्सकडे गेलो. त्या एकाहत्तर वर्षांच्या आहेत. अंगणात बसून केकसाठी आलुबुखारांच्या बिया काढत होत्या. मी बोलत होतो तोवर सुरी चालूच होती. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, की आई नेमकी कुठे पडली आणि पिल्लू कुठल्या बाजूला पळालं. मग म्हणाल्या, पाच दिवस झाले, त्याला असं खंगू देता येणार नाही, उद्या उजाडताना ये, आणि तुझी ती तोफ आणू नकोस.

त्यांनी आपल्या नवऱ्याची जुनी बंदूक दिली. दुर्बीण आठ पटीची. पहिल्या सकाळी काही आलं नाही. दुसऱ्या सकाळी त्या शेजारी बसल्या होत्या तेव्हा धुक्यातून ते आलं. थेट त्याच जागी, जिथे आई पडली होती. गवत हुंगत उभं राहिलं. बरगड्या दिसत होत्या. मी म्हणालो की माझ्याने होणार नाही, तुम्ही मारा. त्या म्हणाल्या, मी मारीन, पण मग तू त्या संध्याकाळपाशीच अडकून राहशील. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं.

ताई, त्या गोलात सगळं दिसत होतं. कुंपण, गवत, पिल्लू आणि त्याच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा. त्याच्या आसपास कोणीही नव्हतं.

डोळे उघडे ठेवून चाप ओढला.

फ्राऊ ल्यूडर्सनी ओकची एक डहाळी तोडून त्याच्या तोंडात ठेवली, शेवटचा घास म्हणून. टोपी काढून उभ्या राहिल्या. शिकाऱ्याचं अभिनंदन करायची इथे रीत आहे, ते त्यांनी केलं नाही. पिल्लू मी उचलून आणलं. उर्जाचं दप्तर त्याहून जड असेल. घरी आल्यावर उर्जाला मराठीत सांगितलं. नेहमी जर्मनमध्ये उत्तर देणारी पोर नुसती शेजारी येऊन बसली.

यादीत जे झालं ते लिहिलं आणि शिकार-खात्याला स्वतःच कळवलं. निकाल लागेपर्यंत परवाना त्यांच्याकडे जमा आहे, बंदूक दुकानदाराकडे. वीगांड कॉरिडॉरमध्ये समोरून येतात आणि फोनमध्ये बघतात. मला वाटलं होतं फार लागेल. तेवढं लागत नाही.

निघताना फ्राऊ ल्यूडर्स म्हणाल्या, मे महिन्यात गवत कापायच्या आधी ये. पिल्लं गवतात दडतात, यंत्र अंगावर आलं तरी हलत नाहीत. पुढे चालत जाऊन ती उचलून कडेला ठेवावी लागतात, त्याला परवाना लागत नाही. मी म्हणालो, बघतो. त्या म्हणाल्या, मी विचारलेलं नाही, सांगितलंय.

अजून उत्तर दिलेलं नाही. तुझी माया आहे तशीच असू दे.

मोहन


ड्रेस्डेन, २६ सप्टेंबर २०२५

चि. मोहनास,
अनेक उत्तम आशीर्वाद. या वेळी अट नाही.

त्या बाईंना आजच्या आज हो म्हणून कळव. आणि दोघं येणार म्हणून कळव. ‘बघतो’ म्हणणाऱ्या माणसाला मी गवतात एकटा सोडणार नाही, पिल्लावर पाय देशील.

माझे गुडघे आता वाकत नाहीत, पण डोळे शाबूत आहेत. मी बघेन, तू वाकायचं.

तुझी,
शुभाताई