फाटकापर्यंतच्या तीन फेऱ्या

हुबळी, रविवार, २६ जुलै २०२०

ती. उत्तराअक्कास,
धाकट्या सुमंतचा शिरसाष्टांग नमस्कार.

चार महिने पत्र नाही, त्याबद्दल आधी माफ कर. (फोन होतात, पण फोनवर माणूस घाईघाईत खोटे बोलून जातो. ते पुढे येईलच.) तुमची पुण्यातली सोसायटी उघडली का? भाऊजींचा खोकला तो जुनाच खोकला आहे ना? इकडे मी आणि तुझी भावजय मधुवंती ठीक आहोत. आई इथे आल्याला आज बारावा दिवस. ताप नाही, खोकला नाही, आणि काल तिने मधुवंतीच्या आमटीला नावे ठेवली, म्हणजे चवही शाबूत आहे. त्या आमटीने मला जेवढा आनंद झाला तेवढा यंदा कशानेच झालेला नाही.

आता कबुली. आई आली त्या दिवशी मी तुला फोनवर म्हणालो, "आईला आणलं." हे वाक्य मी दहा दिवस डायरीत तपासतो आहे. ते "आई आली" असे हवे होते.

झाले असे. मे महिन्यात आई न्हाणीघरात घसरली आणि तू बजावलेस की धारवाडात तिला एकटी ठेवू नकोस, घेऊन ये. मलाही ते पटले. प्रश्न एवढाच होता की कशाने आणायची. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, मधुमेह, आणि वीस किलोमीटर रस्ता. मी डायरीत तक्ता आखला : बस, रिक्षा, स्कूटर. प्रत्येकीला खिडक्या, शेजारी आणि चालकाचा मास्क यांचे गुण. पण न बसता गुण देणे हे काही प्रामाणिकपणाचे नव्हे, म्हणून आधी स्वतः जाऊन पाहायचे ठरवले.

पहिल्यांदा बसने गेलो. निम्म्या आसनांवर फुल्या, सगळे अंतर राखून, छान. नवनगरला माझ्यापुढच्या गृहस्थांना फोन आला आणि बोलायला सोयीचे पडावे म्हणून त्यांनी मास्क हनुवटीवर घेतला. (शिंक आली तेव्हाही तो तिथेच होता.) अशा बसमधून उतरलेला मी आईजवळ कसा जाणार? मालमड्डीतल्या आपल्या घराच्या फाटकाशी उभा राहिलो, ती ओसरीवर आली, मी लांबून नमस्कार केला आणि परत फिरलो. हुबळीत येऊन चौदा दिवस मागच्या खोलीत बसलो.

मग रिक्षा. चालकाने माझ्यासमोर बाकावर इतके सॅनिटायझर ओतले की धारवाडला उतरलो तेव्हा माझी पँट मागून ओली होती. तशा अवस्थेत फाटकाच्या आत जाणे कोणत्याच दृष्टीने योग्य वाटेना. पुन्हा नमस्कार, पुन्हा चौदा दिवस.

तिसऱ्यांदा स्कूटर. इथे शेजारी कोणी नाही, पण आईचा तोल? म्हणून मागे तांदळाचे पोते बांधून नेले. उणकल तलावाशी वळताना पोते अलगद डावीकडे उतरले. आई त्या जागी असती तर, या विचाराने मी रस्त्याकडेला पाच मिनिटे बसून राहिलो. पोते फाटकात ठेवले आणि परत आलो. आई ओसरीवरून म्हणाली, "अरे, निदान हे तरी आत आणून ठेव." मी ठेवले नाही, अक्का. ती ते कशी उचलणार, हे मला घरी पोचल्यावर सुचले.

त्या कोठडीचा माझा तिसरा दिवस चालू असताना बातमी आली : बुधवारपासून जिल्हा पुन्हा दहा दिवस बंद. मी तक्ता काढून बसलो. एकाही रकान्यात पुरेसे गुण नव्हते. बुधवारी सकाळी खिडकीतून पाहतो तर दाराशी भाजीचा टेंपो. मागे रिकाम्या क्रेटांच्या मधोमध, स्वतःच्या पाटावर, सोवळ्यात, अप्पांची काळी छत्री उघडून आई बसलेली. मालमड्डीत भाजी विकणारा हणमंत रोज पहाटे माल आणायला इथल्या अमरगोळच्या बाजारात रिकामाच येतो. तिने त्याला पुढे आमच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत सोडायला सांगितले, झाले. उघडी हवा, शेजारी कोणी नाही, आणि भाजीच्या गाडीला बंदी नाही. माझ्या तक्त्यात ती गाडीच नव्हती.

हणमंत हसत म्हणाला, "सर, वाटेत पोलिसानं अडवलं की. अज्जी, मगा न्यायला बरलिल्लेनु, मुलगा आला नाही का, म्हणून विचारलं. तर अज्जी म्हणाल्या, आला की. तीनदा आला. फाटकापर्यंत."

मी खोलीतून धावत बाहेर आलो आणि तीन हातांवर थबकलो. तीही ओरडली, "शिवू नकोस, सोवळ्यात आहे!" तिच्या सोवळ्याचे अंतर आणि माझ्या नियमाचे अंतर अगदी सारखे निघाले. मग म्हणाली, "तुझे चौदा आणि माझे चौदा एकदमच मोजू. पत्ते आहेत का घरात?" तेव्हापासून आम्ही मागच्या खोलीत दोन टोकांना बसून खेळतो. रोज मीच हरतो.

एक प्रश्न मात्र डायरीत अजून तसाच आहे. मी भीत होतो ते आईसाठी की माझ्यासाठी? बसमध्ये तिला धोका होता हे खरे. पण फाटकातून फिरताना मला हायसे वाटायचे, हेही खरे. आता ती वाटीभर आमटीला नावे ठेवते आहे, तेव्हा उत्तर सावकाश शोधीन.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
सुमंत

ता. क. : आईने मालमड्डीत घरोघर फोन करून सांगितले आहे, "सुमंत आला आणि मला घेऊन गेला." पोलिसाला खरे सांगणारी बाई शेजाऱ्यांना असे सांगते. मी पलीकडच्या भिंतीशी बसून ऐकतो आणि पत्ते पिसतो. तुलाही ती तेच सांगेल. हे सगळे पत्र खरे तर एवढ्यासाठीच लिहिले : तिला ते सांगू दे. दुरुस्त करू नकोस.

आणखी ता. क. : हुकमाची पाने तिला नीट दिसत नाहीत असे आज कळले (तरी जिंकते). म्हणून उद्याचे काम, एकच : धारवाडहून आईचा चष्मा आणणे. जे वाहन आधी येईल त्याने. चष्मा देवघरात आहे, म्हणजे फाटकाच्या आत.