बत्तीस पुस्तकं आणि एक लंगडा बैल

गोरेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली
अधिक ज्येष्ठ वद्य तृतीया

ती. हरीश दाजींच्या सेवेशी, सोमेश्वरचा साष्टांग नमस्कार.

इकडं सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. आईचे गुडघे, ऊन आणि नळाचं पाणी, तिन्ही गोष्टी मागच्या पत्रात होत्या तशाच आहेत. तुमची तब्येत, तिकडची हवा आणि साधनाताईची पाठ कशी आहे ते कळवावं. (हे फोनवरही विचारता आलं असतं. पण फोन ताई उचलते, आणि मी तुमच्याबद्दल तक्रार सुरू केली की 'जावयाला असं बोलतात का रे' म्हणून ठेवून देते. पत्र तुम्ही मध्येच ठेवलंत तरी निदान मला तो आवाज ऐकू येणार नाही.)

तर मुद्दा तुमच्या पार्सलचा. सध्या धोंड्याचा महिना. ह्या महिन्यात जावयाला जेवायला बोलवावं, तेहतीस अनारसे द्यावेत, हा आपल्याकडचा नेम. तुम्ही साता समुद्रांपलीकडं, त्यामुळं आई आधीच चुटपुटत होती. अशात सेनगावच्या जीपच्या टपावरून, कांद्याच्या दोन पोत्यांमधून, तुमचं खोकं उतरलं. आईला वाटलं, जावयानं काही खायचं पाठवलं. निघाली पुस्तकं, आणि तीही सगळी इंग्रजी. आईनं ती एक एक करून मोजली आणि म्हणाली, "बत्तीस? अधिकात बत्तीस कसे चालतील? एक कुठं राहिलं, विचार त्यांना." मी तेव्हा हसलो होतो. आता हसू येत नाही.

सोबतच्या चिठ्ठीत तुम्ही लिहिलं होतं की तुमचे शेजारी टॅपली साहेब हे थोर लेखक आहेत, वय शहाऐंशी, घर आवरून लेकीकडं राहायला निघालेत, त्यांनी आपली समग्र पुस्तकं तुम्हाला दिली आणि तुम्ही ती 'तुझ्या ग्रंथालयाच्या समृद्धीसाठी' पाठवत आहात. दाजी, ह्या सार्वजनिक ग्रंथालयाचा ग्रंथपाल मी, शिपाई मी आणि उन्हाळ्यात माठ भरणाराही मीच. समृद्धी ठेवायला माझ्याकडं तीन कपाटं आहेत, त्यातल्या एकाचं दार लागत नाही. तरी जावयाच्या वस्तूला नाही म्हणायची आपल्या घरात रीत नाही. म्हटलं, एकाच लेखकाची तर आहेत, लावू एका फळीवर. पण तुमचे साहेब एका फळीवर बसणारे नाहीत! पहिलं पुस्तक लेकरांचं. लगेच लढाईवर साडेसहाशे पानांची कादंबरी. मग एक प्रेमकथा, आणि तिच्यातून सावरतोय तोवर चंद्रावर जाणाऱ्या उंदराची सात पुस्तकं. त्यानंतर एका बाईच्या नावानं खुनांच्या अकरा कादंबऱ्या. (ती बाई म्हणजे तेच, हे कळायला मला नऊ खून वाचावे लागले.) एका कादंबरीत एक माणूस चारशे पानं नुसता खिडकीत बसून आहे. मासे धरण्यावर एक पुस्तक आहे, आणि सूप ह्या विषयावर चक्क दोन. आपल्याकडं माणूस एकदा ग्रामीण लिहू लागला की मरेपर्यंत ग्रामीण लिहितो, त्यात वाचकाची आणि ग्रंथपालाची दोघांचीही सोय असते. ह्यांना लहानपणी कुणी वळण लावलं नाही काय? पुस्तकांच्या मलपृष्ठांवरच्या फोटोतही कधी मिशी, कधी दाढी, कधी डोक्यावर टोप. बघणाऱ्यानं ओळखायचं तरी कसं?

इथवर माझी एकट्याची डोकेदुखी होती. ती गावाची झाली दिपामुळं. दिपा आपल्या शिवेवरच्या तांड्यातली, हिंगोलीला कॉलेजात शिकते. इंग्रजी सोपं म्हणून तिनं साहेबांचं पहिलं, लेकरांचं पुस्तक नेलं आणि आपल्या आजीला, जमनाबाईला, तांड्याच्या बोलीत सांगत सांगत वाचून दाखवलं. गोष्ट अशी: एक कुटुंब बैलगाड्या घेऊन नव्या मुलखाकडं चाललंय. वाटेत मोठी नदी लागते. बटण नावाचा बैल लंगडतोय, नदीला पूर चढतोय, बाप म्हणतो बैल सोडा. गाड्या पलीकडं जातात. बैल अलीकडच्या काठावर उभा. गाडीतली लहान पोर मागं बघत राहते, बाप म्हणतो, येईल तो आपला आपण. बटण येईल असं पोरीला वाटत राहतं, आणि इथं पुस्तक संपतं. मलपृष्ठावर छापलंय, दुसरा भाग पुढच्या वर्षी. साल एकोणीसशे अडुसष्ट! त्यानंतर ह्या गृहस्थांनी उंदराला चंद्रावर पोचवलं, अकरा खुनी पकडून दिले, दोनदा सूप केलं, पण त्या बैलाकडं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढतोय तर जमनाबाई पायरीवर बसलेली. वय अठ्ठ्याहत्तर, अक्षरओळख नाही, पण बैल तिच्या रक्तात. तिच्या आजाचे बैल मिठाच्या गोण्या लादून मुलूखभर फिरायचे. तिनं एकच विचारलं, "भाऊ, मंग बैल आला का?" मी म्हटलं, पुढचा भाग नाही. तर खोक्याकडं बोट करून म्हणाली, "एवढी बुकं हायेत की. बघा त्याच्यात. माणूस असं अर्ध्यात सोडून कसं जाईल?" तेव्हापासून रोज दहा वाजता ती हजर. ती बसून राहते आणि मी बैल शोधतो. दाजी, मी बत्तीसच्या बत्तीस पुस्तकं चाळली. दिपानंही पाच दिवस शोधलं. शेवटी तिला बैल सापडला, सूपच्या दुसऱ्या पुस्तकात, पान एक्क्याऐंशी. बैलाच्या शेपटीचं सूप, सहा माणसांसाठी. हे आम्ही जमनाबाईला सांगितलेलं नाही. तुम्हीही कुणाला सांगू नका.

आता कार्यक्रमाच्या त्या फोटोबद्दल, जो तुम्ही घरच्या ग्रुपवर बघितलात आणि ज्यावरून ताईनं मला 'अरे गाढवा' एवढंच लिहिलं. आमचे अध्यक्ष सोनाजीराव ह्यांनी ठरवलं की दार न लागणाऱ्या कपाटाचं 'अमेरिकन दालन' म्हणून उद्घाटन करायचं. साहेबांचा दाढीवाला फोटो मोठा करून आणला. मी पेंटरला चिठ्ठी दिली: नाव, आणि त्याखाली लेखनाचा काळ, १९६८ ते २०१९. त्यानं ते नेमकं फोटोखाली रंगवलं. फोटोखाली दोन सालं म्हणजे काय, हे आपल्याकडं शेंबड्या पोराला कळतं. शिवाय आमच्याकडं पुस्तकं दोनच वाटांनी येतात, सरकारी यादीतून किंवा कुणी गेल्यावर त्याच्या घरून. खोकं भरून आली म्हणजे माणूस गेलाच. मी सतरंज्या आणायला गेलो तेवढ्यात फोटोला हार, पुढं समई, उदबत्ती, सगळं झालं. परत येतो तर सोनाजीराव माइकवर गहिवरले होते, "ऐन एक्कावन्नाव्या वर्षी काळानं घाला घातला." कुणीतरी दाढी पांढरी कशी म्हणून विचारलं, तर म्हणाले, "तिकडच्या पाण्यानं केस लवकर पिकतात." मग दोन मिनिटं स्तब्धता. (ती पन्नास सेकंदांत संपली, कारण हिंगोलीची जीप हॉर्न वाजवून राहिली होती.)

ह्या स्तब्धतेत एकच माणूस खरं रडत होतं, जमनाबाई. तोंडाला पदर लावून म्हणत होती, "आता कोन सांगल बैलाचं?" ते मला बघवेना. मी अध्यक्षांच्या हातातून माइक ओढला आणि ओरडलो, "साहेब जिवंत आहेत!" मंडळींना आनंद होईल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. लोक फसवल्यासारखे बघू लागले, सोनाजीराव म्हणाले आधी सांगायला काय झालं होतं, आणि हाराचं काय करायचं ह्यावर वाद लागला. जमनाबाई मात्र उठली, डोळे पुसत सरळ माझ्यासमोर आली, आणि माइक माझ्या हातात चालूच असल्यामुळं साऱ्या गोरेगावानं ऐकलं: "जित्ता हाय? मंग लिहत काहून न्हाई?"

दाजी, ह्याला उत्तर तुमच्याकडं आहे?

शेवटी वैतागून मी एक पाप केलं. तीन दुपारी बसून स्वतःच दुसरा भाग लिहिला. पूर ओसरतोय, बटण पाण्यात उडी घेतो, पोहत पलीकडं जातो, आणि पहाटे पोरीच्या दाराशी उभा. सूपच्या पुस्तकात कागद घालून जमनाबाईला वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "लंगडा बैल पुरात उतरत न्हाई, भाऊ. ह्ये सायबानं न्हाई लिवलं, तुमी लिवलं. सायबाला बैल कळतो." माझ्या लेखनावर आजवर आलेला हा पहिला अभिप्राय. मी कागद खिशात घातला. मग तिनं आपण होऊन सांगितलं. सिद्धेश्वरचं धरण व्हायच्या आधीची गोष्ट, ती नऊ वर्षांची. पूर्णेला पाणी चढलेलं, त्यांचा राघ्या बैल पायानं अधू. बापानं अलीकडं सोडला आणि म्हणाला, येईल तो आपला आपण. ते सगळे पलीकडं गेले. "आला न्हाई," एवढंच म्हणाली आणि पायरीवर जाऊन बसली. एक म्हातारी सत्तर वर्षं एका काठाकडं बघून राहिली आहे, आणि तिकडं तुमचे साहेब उंदराला चंद्रावर नेतात ह्याचा मला फार राग आला, तो अजून गेलेला नाही.

असो. पत्र लांबलं. रागाच्या भरात कमीजास्त लिहिलं असेल तर मेहुणा समजून पोटात घालावं. साधनाताईला आशीर्वाद मागितलाय म्हणून सांगावं.

आपला,
सोमेश्वर

ता. क. ह्यापुढं पुस्तकं पाठवू नयेत. तुमच्या दुसऱ्या बाजूचे शेजारी चित्रकार आहेत असं ताई म्हणाली. त्यांची तब्येत चांगली राहो आणि घर त्यांनी कधीही न आवरो, ही नागनाथाचरणी प्रार्थना.

ता. क. २. आईनं अनारसे पाठवलेत. उघडून मोजाल तर बत्तीस भरतील, वाटेत कुणी खाल्ला नाही. तेहतिसावा तिनं डब्यात ठेवलाय; म्हणते, तिकडून तेहतिसावं पुस्तक आलं की देईन. हे बत्तीस तुमचे नाहीत, टॅपली साहेबांना त्यांच्या लेकीच्या घरी नेऊन द्यायचे आहेत. तेव्हा खरं काम हेच, वरचं सगळं वाचलं नाही तरी चालेल. साहेबांसमोर बसा आणि तो बैलाचा भाग लिहून मागा. जाडजूड नको, दहा पानं पुरेत. हात कापत असतील तर ते सांगतील तसं तुम्ही लिहून घ्या. त्यांचं वय शहाऐंशी, हिचं अठ्ठ्याहत्तर, आणि अनारसा फार तर महिनाभर टिकतो.

ता. क. ३. पाकीट चिकटवताना जमनाबाई आली आणि साहेबांना निरोप लिहायला लावला. ती बोलली तसाच लिहितो: "बैल यायचा न्हाई. बैल जिथं सोडला तिथंच उभा ऱ्हातो, वाट बघत. पोरीला मागं पाठवा. म्या गेले न्हाई." ह्याचं इंग्रजी तुम्ही करा, दाजी, पण मेहेरबानी करून पदरचं काही घालू नका. बाई ओळखते.