परसूअण्णांचा हातोडा आणि फायबरची बोट

शिवाजीनगर, बेंगळुरू
२ फेब्रुवारी २०२५

चि. स्मृतीस आजोबाचे आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मला धड ऐकू येत नाही आणि तू भरभर बोलतेस, म्हणून लिहितो. तू आणि नातजावई कार्तिक कारवारला शिडाची बोट घेणार, तीत राहून कोचीपर्यंत जाणार, हे ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. त्यात ती फायबरची. अगं, मी जन्मभर पोलादी पाण्याच्या टाक्या केल्या. पोलादाला पोचा पडतो, पण ते फुटत नाही. फायबर म्हणजे कापड आणि डिंक. खडकाला लागली तर? मोठा मासा धडकला तर? तुझी आजी म्हणते, प्लॅस्टिकच्या टाक्यांनी गिऱ्हाईक पळवल्यापासून मला पोलादाशिवाय काही पटतच नाही. म्हणू दे. तुम्ही पोलादाची बघा.

लोभ आहेच, काळजी त्याहून जास्त.
परसूअण्णा

इलेक्ट्रॉनिक सिटी
७ फेब्रुवारी

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

पोलादाची बोटही पाहिली. खडकावर घासली तर तीच टिकेल, हे तुमचं खरं. पण खारं पाणी तिला आतून खातं, जिथे हात पोचत नाही तिथे. बाहेरून चकचकीत होती. आतून कार्तिकने पेचकस टोचला तो आरपार गेला. मालक म्हणाला, तेवढा पत्रा बदलून देतो.

फायबरला गंज नाही, आणि ही जुनी, जाड थरांची आहे. तिच्या बुडाला भोक पाडून मालकाने नळ बसवला, तेव्हा निघालेली चकती कार्तिकबरोबर पाठवते. खुशाल हातोडा घाला. मात्र शेजारी तेवढ्याच वजनाचं पोलाद ठेवा, तेवढ्याच जाडीचं नको. बोटीला स्वतःचं वजन वाहायचं असतं.

तुम्ही नको म्हणालात तर घेणार नाही, हा माझा शब्द. पण आधी ठोकून बघा.

आजीला नमस्कार. राग नसावा, लोभ असावा.
स्मृती

शिवाजीनगर
१५ फेब्रुवारी

चि. स्मृतीस आशीर्वाद.

मी घाई केली. चकतीच्या जाडीचाच पोलादी तुकडा घेतला आणि पोलाद जिंकलं म्हणून गल्लीभर सांगून आलो. मग तुझ्या आजीने, विठाबाईने, तुझं पत्र पुन्हा वाचून दाखवलं. तराजूत घालून तेवढ्याच वजनाचा पत्रा कापला, तो फारच पातळ निघाला. एका घावात खोल पोचा. चकतीवरून मात्र हातोडा उडाला. मी मारतच राहिलो. विठाबाई म्हणाली, चकतीला मारताय की प्लॅस्टिकच्या टाकीवाल्याला. शेवटी कडेवर पांढरी चीर आली आणि दगडावर घासल्यावर भुगा पडला. तेव्हा खडकापासून लांब राहा.

घ्या ती बोट. फक्त आमच्या धंद्याची रीत पाळायची. टाकी देण्याआधी आम्ही सांध्यांना बाहेरून चुना फासतो आणि आत पाणी भरतो. चुना ओला झाला की गळती सापडली. तुमच्यात पाणी बाहेर, म्हणून चुना आतून. बुडाला जिथे जिथे भोक आहे तिथे. मी कारवारला येऊन स्वतः फासणार. काठाला बांधलेल्या बोटीची परीक्षा मला नको. दोर सोडा, स्वल्प लाटा लागू देत. मी आत चुन्यापाशी बसतो.

कोरडा राहिला तर माझ्यासाठी मागे वळू नका. मंगळुरूला उतरवा, तिथून मला रेल्वे आहे.

लोभ असू दे, आणि आत पाठ टेकण्यापुरती जागा.
तुझा आजोबा