हसनाबादला मी नक्की जाणार

११ ऑक्टोबर १९४८, सोमवार. जालना.
काल नगरहून आलो. मिशनने एक महिन्यासाठी पाठवलं आहे. जिनिंगच्या बंद शेडमध्ये निर्वासितांचा कॅम्प. गेल्या महिन्याच्या पोलीस ॲक्शनच्या गडबडीत गाव सोडून पळालेली माणसं, बहुतेक खेड्यातले मुसलमान. एकसष्ट मुलं. ती माझ्याकडे.
टाइमटेबल केलं. सहाला प्रार्थना, साडेसहाला ड्रिल, सात ते दहा लेखन-वाचन, दुपारी गाणी. महिन्याअखेर प्रत्येक मूल स्वतःचं नाव लिहील. मिशनच्या नर्स नंदाबाई इथल्याच, त्यांना दाखवलं. त्यांनी विचारलं, यात उवा कधी काढायच्या?
दूरदृष्टी नाही.

१२ ऑक्टोबर.
सहाला उठलो नाही. प्रवासाचा शीण. ड्रिल साडेआठला. दहा मिनिटांत सगळी पांगली. दुधाची वेळ झाली होती.

१३ ऑक्टोबर.
डोकं खाजतंय. मनाचे खेळ असावेत.

१४ ऑक्टोबर.
मनाचे खेळ नव्हते. नंदाबाईंनी डोक्याला घासलेट चोळून तासभर ओट्यावर बसवलं. मुलं बघायला जमली. एकसष्टच्या एकसष्ट, एकदम शांत. इतकी शिस्त प्रथमच. रिपोर्टमध्ये फक्त शिस्तीचा उल्लेख करावा.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार.
मोठा दिवस. हुसेनबी नावाची आठ वर्षांची मुलगी आहे. पळापळीत आईचा हात सुटला, कुणीतरी कॅम्पात आणून सोडली. तीन आठवडे तोंडातून शब्द नाही. आज मी तिला म्हटलं, तुझी आई मी शोधून देतो. बोलली. आईचं नाव चाँदबी. हसनाबादला मामूचं घर आहे, माय तिथंच गेली असंल. मास्तर, तुमी जाल का?
म्हटलं, उद्याच.
नंदाबाई बाजूलाच होत्या. म्हणाल्या, लेकराला शब्द देऊन राह्यले, जपून द्या. मी म्हटलं, ख्रिस्ती माणसाचा शब्द आहे. इथल्या चर्चच्या पाद्रीसाहेबांनी पाठ थोपटली. घरी सविस्तर पत्र लिहिलं.

१६ ऑक्टोबर.
हसनाबादला मच्छिंद्रची बैलगाडी जाते. पहाटे चारला. ही वेळ आधी कळायला हवी होती. पुढची गाडी मंगळवारी.

१९ ऑक्टोबर, मंगळवार.
मच्छिंद्र पहाटे दाराशी येऊन हाका मारत होता. सर्दी झाल्याचं आतूनच सांगितलं. शिवाय रस्ता धोक्याचा आहे म्हणतात. तो म्हणाला, कोन म्हणतं? मी चारदा जाऊन आलो, बिलकुल काही न्हाई. मी म्हटलं, सगळेच म्हणतात.
सर्दी होती. थोडी होती. खरं म्हणजे मला भीती वाटली. हे वाक्य नंतर खोडावं.

२० ऑक्टोबर.
हुसेनबीने विचारलं. निरोप पाठवलाय म्हटलं. पाठवायचं मनात होतंच, त्यामुळे हे सरळ खोटं म्हणता येणार नाही. ती हसली. ड्रिलला पुढे उभी राहिली.

२२ ऑक्टोबर.
आज तिने विचारलं, माय काय म्हनली? मी म्हटलं, येते म्हणाली.
ठरवून नाही बोललो. निघून गेलं तोंडातून. तिने झगा धुतला, वाळायच्या आत अंगात घातला. दुपारपासून फाटकाशी बसून आहे.

२४ ऑक्टोबर, रविवार.
पाद्रीसाहेबांचं प्रवचन सत्यावर. मधूनच उठलो.
ती फाटकाशीच.

२६ ऑक्टोबर, मंगळवार.
हुसेनबीला ताप. फाटकावरून आत यायला तयार नाही, जेवत नाही. नंदाबाईंनी मला विचारलं, हिच्या मायचा निरोप आणला कुणी? मी मच्छिंद्रचं नाव सांगितलं. मच्छिंद्र आज गाडीचं चाक दुरुस्त करायला इथेच थांबला होता. हे मला माहीत नव्हतं.
तासाभराने त्या परत आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, मास्तर, उद्या गाडी जाऊन राह्यली. चारला मी उठवते.

२८ ऑक्टोबर.
जाऊन आलो. वाटेत काहीही झालं नाही. म्हातारी माणसं कापूस वेचत होती, एकाने पाणी दिलं.
हसनाबादला मामूचं घर लगेच सापडलं. चाँदबी तिथेच होती. सतरा दिवस होती. जालन्याकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला विचारायची, माझी पोर पाह्यली का. मच्छिंद्रलाही विचारलं होतं म्हणे. पण मुलीचं नाव मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. सोमवारी कंटाळून औरंगाबादच्या कॅम्पात शोधायला गेली. मामू म्हणाला, दोन दिस आधी आले असते तर. मग आम्हाला चहा दिला. मी प्यालो.


२९ ऑक्टोबर.
नंदाबाईंना म्हटलं, तुम्हीच सांगा तिला. त्या म्हणाल्या, मी न्हाई.
सांगितलं. हुसेनबीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, मंग येते म्हनली, ते कोन म्हनलं?
मी, म्हटलं.
ती उठून बायकांच्या खोलीत गेली.

१ नोव्हेंबर.
नंदाबाई तिला घेऊन रेल्वेने औरंगाबादला गेल्या. त्यांचं काम माझ्याकडे. जखमा धुणे, दूध वाटणे, डोकी विंचरणे. दुपारपर्यंत अकरा डोकी झाली. टाइमटेबल भिंतीवरून कुणीतरी काढलं. दुधाची चूल पेटवायला कामी आलं.

५ नोव्हेंबर.
नंदाबाई एकट्या आल्या. चाँदबी सापडली. मायलेकी तिथल्या कॅम्पात आहेत. खूप बरं वाटलं. चाँदबीचा माझ्यासाठी निरोप: भावाने इथं येऊन सांगितलं, एक मास्तर माझ्या पोरीसाठी एवढ्या लांब गाडीत बसून आल्ता. अल्ला त्याचं भलं करो.
हुसेनबीने काय निरोप दिला, विचारलं. नंदाबाई म्हणाल्या, काही न्हाई दिला. मायला तुमचं खरंही न्हाई सांगितलं तिनं.

७ नोव्हेंबर, रविवार. दुपारी.
पाद्रीसाहेबांनी चर्चमध्ये चार शब्द बोलायला उभं केलं. ठरवलं होतं, सगळं सांगायचं. सांगितलं. भीती, सर्दी, खोटा निरोप, फाटक, दोन दिवसांचा उशीर. काही लपवलं नाही.
झाल्यावर पाद्रीसाहेबांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाले, तरुण माणसात एवढी नम्रता मी पाहिली नाही. मागच्या बाकावर दोन बाया डोळे पुसत होत्या. नम्रता नाही, असंच घडलं, असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. ऐकत राहिलो. छान वाटत होतं.
बाहेर नंदाबाई भेटल्या. म्हणाल्या, इथं सांगणं सोपं हाय, मास्तर. इथं कुणाचं लेकरू हरवलं न्हाई. चाँदबीला कोन सांगणार?
मी म्हटलं, आजच जातो. औरंगाबादची गाडी दोनला आहे.
आता अडीच वाजलेत. जाण्याआधी हे लिहून काढणं आवश्यक होतं.