रंगाखाली अडकलेले चौदा नळ

मी, बिभीषण येडू वाघमोडे, वय अडुसष्ट, मूळ गाव केम, तालुका करमाळा, हल्ली मुक्काम सात रस्त्याच्या मागचा बोळ, सोलापूर, धंदा ओतकाम आणि लेथकाम, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापुढे "कोणाच्याही धाकाशिवाय" असे शब्द घालायचे असतात, असं वकीलसाहेबांनी सांगितलं. ते मी घालणार नाही, कारण ते खोटं होईल. माणसाचा धाक मला कोणाचाच नाही. धाक आहे तो चौदा नळांचा. गुरुवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. भीती त्याचीही आहे, पण ती दुसऱ्या नंबरची.

वकीलसाहेब म्हणाले, "वाघमोडे, असलं कोर्टात चालत नाही." मी म्हणालो, "साहेब, ते चालतंय की न्हाई बघायला मी कुटं असणार?"

एक. राहतं घर, वरच्या पत्र्याच्या खोलीसह, पुढचा दुकानगाळा सोडून, माझी बायको गोजाबाई हिचं. मी गेलो की त्याच दिवसापासून, कसलीही अट नाही. खाली ज्या अटी येतील त्या बाकीच्यांना आहेत. गोजाबाईने माझ्या अटी चव्वेचाळीस वर्षं सोसल्या, तेवढं पुरे.

दोन. आवाज ऐकायची लोखंडी सळई, लांबी चार फूट, माझी मुलगी रुपाली हिला. या सळईमुळेच बाकी सगळं आहे, म्हणून थोडं जास्त लिहितो.

आमच्या घरी मेंढरं होती. संध्याकाळी मेंढरं परतली की वडील मला विचारायचे, "येडूच्या पोरा, कोन आलं न्हाई?" मी घंटांचा आवाज ऐकून सांगायचो, "लंगडीचं कोकरू मागं हाय." हा कान घेऊन मी अठराव्या वर्षी सोलापुरात आलो आणि पाण्याच्या पाइपची गळती शोधणाऱ्या टोळीत रोजंदारीला लागलो. सळईचं एक टोक जमिनीवर, दुसरं कानाला. कुठे पाणी झिरपतंय, कुठे अडतंय, ते मी सांगायचो आणि बाकीचे खणायचे.

तेव्हा एका गिरणीच्या आवारात आगीचा नळ, म्हणजे ज्याला हायड्रंट म्हणतात तो, बिघडलेला होता. आतला वॉशर बदलायचा तर सगळी लाइन बंद करा, तीन फूट खणा, आठ दिवस घालवा. म्हणून कोणी बदलला नाही. "नादुरुस्त" अशी पाटी लावली. चार वर्षांनी पाटी गंजली, तेव्हा लगेच माणूस आला आणि त्याने पाटी बदलली. मी त्या दिवशी ठरवलं, असा नळ करायचा की तो दुरुस्त करणं पाटी लावण्यापेक्षा सोपं पडेल.

तीन. त्या नळाचे लाकडी साचे, नकाशे आणि पानं फाटलेली वही रुपाली आणि बसलिंगप्पा या दोघांना मिळून. बसलिंगप्पा हा माझा साचे करणारा कारागीर, अक्कलकोटकडचा, एकतीस वर्षांचा सोबती. त्याला साक्षीदार करायचं मनात होतं, पण ज्याला मिळतं त्याने साक्ष द्यायची नसते म्हणतात.

माझ्या नळाचं सगळं पोट एका तुकड्यात वर निघतं. वरचे चार नट एकाच पान्याने सुटतात. पोट वर ओढलं की खालची झडप पाण्याच्याच जोराने आपोआप बसते, त्यामुळे लाइन बंद करावी लागत नाही. वॉशर ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून कात्रीने कापून घ्यायचा. पाना नळालाच साखळीने बांधलेला; पाणी सोडायचं चाक अडलं तर तेही त्याच पान्याने सोडवायचं. एक माणूस, एक पाना, चहा थंड व्हायच्या आत काम खलास. सात वर्षं आणि अकरा फसलेले नमुने एवढं त्याला लागलं. अकरावा फसला तेव्हा बसलिंगप्पा म्हणाला, "अण्णा, तुमी नळ नका करू, पाट्या करा. लई खप हाय." बारावा चालला.

हे साचे विकायचे नाहीत. वरचं झाकण वेल्डिंग करून कायमचं बंद करणाऱ्याला तर मुळीच द्यायचे नाहीत.

चार. माझा मुलगा अजिनाथ, राहणार पुणे. वरची ओळ त्याच्यासाठी होती, त्याला कळेलच. तो हुशार आहे, माझ्यापेक्षा चार बुकं जास्त शिकला आहे. तो मला म्हणाला, "पप्पा, आता दुरुस्त कोण करतंय? काढायचं आणि नवीन बसवायचं. सीलबंद मॉडेल काढा, कोणी हातच लावणार नाही." मी म्हणालो, "बाळा, ज्याला कोणी हात लावत नाही, त्याच्या आत काय झालंय ते कळणार कसं?" तो हसला. पुढे जे घडलं त्यानंतर मला वाटतं, त्याने हसायला नको होतं आणि मी इतकं शहाणपण सांगायला नको होतं. केमची जमीन आणि नवीन लेथ त्याला. अट कलम सातमध्ये.

पाच. धाकटा भाऊ कोंडीबा याने मी सोलापुरात असताना मला न विचारता मेंढरं विकली. वर चावडीवर सांगितलं, "दादा आता नळवाला झालाय, त्याला मेंढरं कशाला?" लंगडीच्या गळ्यातली घंटा तेवढी माझ्याकडे राहिली होती. ती त्याला द्यावी. वाजवून बघ म्हणावं, आणि कोण आलं न्हाई ते सांग.

सहा. आता जे गोजाबाईलाही सांगितलेलं नाही ते लिहितो.

माझे अडतीस नळ या जिल्ह्यात बसले. पहिला एका टॉवेल कारखान्यात. त्याच वर्षीच्या खंडेनवमीला, हत्यारांची पूजा असते त्या दिवशी, मी आनंदाच्या भरात तिथे गेलो, नळाला स्वतःच्या हाताने लाल ऑइलपेंटचा ताजा हात मारला, हळदकुंकू वाहिलं आणि त्याच्या पायथ्याशी नारळ वाढवला. लोकांना ते आवडलं. मग जिथे माझा नळ तिथे हीच पद्धत पडली. दर खंडेनवमीला एक रंगाचा हात आणि एक नारळ. मला मानाने बोलवायचे, फेटा बांधायचे. मी हरखून जायचो. ज्या माणसाने आयुष्यभर गंज मोजला त्याला रंग मोजायचं सुचलं नाही. नट सुटायचे ते रंगात बुडाले, चाक फिरायचं ते रंगाने चिकटलं. नळ उघडून बघायची आठवण कोणाला राहिली नाही, कारण देवाला कोणी उघडून बघत नाही. पान्याचं तर विचारूच नका. पूजा केलेली वस्तू पायदळी येते, म्हणून मालकांनी साखळी सोडून पाना केबिनमधल्या देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. केबिनला कुलूप.

गेल्या खंडेनवमीला त्याच कारखान्यात मालकांनी नारळ माझ्या हातात दिला. मी तो नळाच्या पायथ्यावर आपटला. माझा नळ मोकळा असला की आपटल्यावर घंटेसारखा घुमतो. त्या दिवशी नुसता 'ठक्क' झाला. नारळ फुटला, टाळ्या पडल्या, आणि मला कळलं की हा आतून जाम झाला आहे. माझ्या कानाला असली चूक होत नाही. मालक फेटा बांधत होते. आणखी बारा नळांची ऑर्डर त्या दिवशी पक्की व्हायची होती. मी मनाशी म्हणालो, दिवाळीनंतर येऊ, गुपचूप सोडवू. प्रसाद खाल्ला आणि घरी आलो.

दिवाळीनंतर मी जायच्या आधी तिथे आग पोचली. भरदुपारी सुताच्या कचऱ्याचं गोदाम पेटलं. मालक देवदर्शनाला गेलेले, केबिनला कुलूप, पाना देवांजवळ. लोकांनी चाकाला पाइप लावून जोर केला, चाक हललं नाही. अग्निशमनची गाडी यायला अकरा मिनिटं लागली. त्या अकरा मिनिटांत पायल नावाची नवीन पोरगी आत अडकली होती. तिला ओढून काढताना सुंदरम्माचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. पायल वाचली. सुंदरम्मा टॉवेलच्या कडा शिवायची, आता ती बोटं मिटत नाहीत.

मी दवाखान्यात भेटायला गेलो. ती म्हणाली, "काय ओ अण्णा, तुमच्या नळाला दरसाल ववाळलं मी. हळद मी लावली, कुंकू मी लावलं. येक दिवस पानी मागितलं तर त्यानं तोंड का फिरवलं?" मी म्हणालो, रंगामुळे. नारळाचा आवाज मी ऐकला होता हे म्हणालो नाही. तिथून उठलो तेव्हापासून माझा कान माझ्यावरच उलटला आहे. रस्त्यात कोणी नारळ फोडला तरी मी थबकून कान देतो.

म्हणून घराच्या पुढच्या बाजूच्या दुकानगाळ्याचं भाडं सुंदरम्माला, ती आहे तोवर. मात्र ते देण्याआधी हे सहावं कलम तिला आणि पायलला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवावं. ऐकून तिने तोंडावर फेकलं तर वाकून उचलावं आणि दुसऱ्या महिन्यात परत जावं.

सात. आगीनंतर मी आणि रुपाली एकेक नळ उघडत सुटलो. तारेच्या ब्रशने रंग काढायचा, नट सोडवायचे, पोट वर काढायचं, वॉशर बदलायचा. चोवीस झाले. चोविसावा आवळताना छातीत कळ आली. चौदा राहिले, यादी सोबत आहे. कुठे शाळा आहे, कुठे कापसाचं गोदाम, कुठे लग्नाचं कार्यालय. यातला कोणता मोकळा आणि कोणता मुका, हे मला माहीत नाही. डोळे मिटले की मी यादी वरून खाली वाचतो, आणि प्रत्येक नावाला 'ठक्क' ऐकू येतं.

म्हणून अट अशी. घर आणि सुंदरम्माचा गाळा सोडून बाकी कसलीही वाटणी या चौदांतून पाणी वाहिल्याशिवाय होणार नाही. मुदत एक वर्ष. कारभारी रुपाली. अजिनाथने निदान एक नळ स्वतःच्या हाताने उघडावा, माणूस लावून नव्हे. आणि जिथे जिथे नळ आहे तिथे सांगून ठेवावं: खंडेनवमीला रंग नको, नारळ नको. पाना लावा, पाणी सोडा, पुन्हा बंद करा. हीच त्याची पूजा. पाना साखळीलाच राहील, पायदळी आला तरी चालेल.

आठ. यादीतल्या चौदांपैकी एक, बसवलेल्या अडतिसांतला एकतिसावा नळ, मला ज्या दवाखान्यात भरती केलं आहे त्याच्याच आवारात आहे. माझ्या खिडकीतून दिसतो. लालभडक, गळ्यात सुकलेला हार. मी मॅनेजरला सांगितलं, तो उघडा, मग मला उघडा. ते म्हणाले, "आजोबा, तुम्ही पेशंट आहात की मेकॅनिक?" मी म्हणालो, "दोन्ही. त्याचं काम दहा मिनिटांचं हाय, माझं पाच तासांचं." ते म्हणाले, परवानगी काढावी लागेल, बघू. या 'बघू'ची मला जास्त भीती वाटते. छाती उघडून टेबलावर पडलेलो असताना वरच्या मजल्यावर एक ठिणगी पडली, तर माझ्याच नळाच्या जिवावर मी असणार.

इथवर सोमवार, दिनांक ९ फेब्रुवारी २०२६ रोजी लिहिलं. सही करायची ठेवली होती. पुढचं बुधवारी, ११ तारखेला जोडलं आहे.

आज परवानगी मिळाली. अजिनाथ पुण्याहून आला होता. मी खिडकी उघडून बसलो. रुपाली ब्रशने रंग खरवडत होती, अजिनाथ उभा होता. ती म्हणाली, "दादा, मोबाइल ठेव आणि पाना धर." तो म्हणाला, "अगं, फिरत नाहीये." "जोर लाव की! पप्पांच्या वयाचा आहेस का?" तीन नट सुटले, चौथा तासभर सुटेना. इतक्यात आवारातल्या एक मावशी धावत आल्या, "देवाला काय करताय ओ?" म्हणून. रुपालीने त्यांना हार काढून हातात दिला.

पोट वर निघालं तेव्हा अजिनाथ माझ्या खिडकीकडे बघत राहिला. मग वर आला आणि माझ्यासमोर मूठ उघडली. वॉशर नव्हता. वॉशरचा चुरा होता, काळा, ओलसर, बोटाने चोळला तर पीठ व्हावं असा. म्हणाला, "पप्पा, आतून हे झालं होतं. बाहेरून किती चकाचक होता." तो खाली गेला, नवीन वॉशर त्याने स्वतः कापला, स्वतः बसवला. चाक फिरवलं. आधी लाल पाणी, मग गढूळ, मग स्वच्छ. खालच्यांनी ओरडायच्या आधी मला ऐकू आलं होतं.

पण बाकीचे तेरा याच सुमारास बसवलेले आहेत. त्यांच्याही आत असाच चुरा असणार, हे आता मला नक्की माहीत आहे. म्हणून कलम सातमधली 'एक वर्ष' ही मुदत मी खोडली आहे आणि बाजूला आद्याक्षरं केली आहेत. नवीन मुदत तेरा दिवस. मी गेलो तर पहिल्या दिवसापासून दिवसाला एक नळ.

कोणी म्हणेल, घरात सुतक आहे, सुतकात देवाला शिवत नाहीत. कारखान्याचे मालक तुम्हाला दारातच अडवतील. त्यांना हा कागद दाखवा. तो देव नाही, नळ आहे. मी तो माझ्या हाताने ओतला आहे आणि माझ्याच हाताने त्याला देव करून ठेवला. शिवा त्याला.

वर लिहिलेलं सगळं मी साक्षीदारांना वाचून दाखवलं, खाडाखोड त्यांच्या समोर केली आणि त्यांच्या देखत सही केली.

(सही) बिभीषण येडू वाघमोडे

साक्षीदार:
१. (सही) बिरप्पा सिद्धप्पा कोळेकर, निवृत्त अग्निशामक. त्या दिवशीच्या गाडीवर मी होतो. नळ बंद होता, हे खरं आहे.
२. (सही) उदयसिंह रजपूत, हार्डवेअर दुकानदार, सात रस्ता

ठिकाण: सोलापूर, दवाखान्याचा दुसरा मजला, खिडकीजवळचा पलंग
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२६, दुपारी साडेचार

सोबत: डॉक्टरांचा दाखला, चौदा नळांची यादी, एकतिसाव्यावर काट मारलेली, वॉशरचा चुरा, कागदाच्या पुडीत.